परदेशवारीचा विमा: तारीख कुठली टाकायची? (सांगली-मिरजकरांचे अनुभव)

विश्रामबाग, वारणाली, मिरजेचा स्टेशन परिसर, कुठंही जा, मुलं परदेशात आणि आई-वडील इथं अशी घरं भेटतातच. ओळखीतल्या अशा ज्येष्ठांचे व्हिसाचे आणि विम्याचे फॉर्म मी हौसेनं भरून देते. सगळं भरून झालं की प्रश्न येतो, "ताई, विमा कधीपासून घ्यायचा?" बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: विमानाच्या आदल्या दिवशी घेऊ, एवढी घाई कशाला.

घाई लागते, कारण एकाच पॉलिसीत दोन घड्याळं चालतात. सहल रद्द झाली तर भरपाई देणारं कलम पॉलिसीत असेल, तर त्याचा उपयोग निघण्यापूर्वीच असतो. एका फेरीच्या पॉलिसीत ते साधारणपणे पॉलिसी हातात पडल्यापासून लागू होतं. दवाखाना, सामान, पासपोर्ट हरवणं हे सगळं मात्र प्रवास सुरू झाल्यावर. म्हणजे विकत घेण्याचा दिवस वेगळा आणि फॉर्मात टाकायची प्रवासाची तारीख वेगळी. तिकिटाचे पैसे भरले त्याच आठवड्यात विमा घ्या, असं मी सगळ्यांना सांगते. वर्षभराच्या पॉलिसीचं गणित आणखी निराळं आहे.

तुमचे अनुभव सविस्तर लिहा. कधी घेतला, तारीख काय टाकली, पुढं काय झालं. कंपन्यांची नावं मात्र नकोत.

विश्रामबाग, सांगली

ताई, छान विषय काढलात. आम्ही दोघं निवृत्त शिक्षक, मुलाकडे अमेरिकेला गेलो होतो. आपल्याकडून जाणाऱ्यांचा घोळ होतो तो मध्यरात्रीच्या विमानाचा. सांगलीतून सकाळी गाडी निघते, संध्याकाळी मुंबई, आणि विमान रात्री पावणेदोनला. तोवर तारीख बदललेली असते. आम्ही घरून निघायचा दिवसच प्रवासाची तारीख म्हणून टाकला. एक दिवस जास्त गेला तरी चालतो, कमी पडता कामा नये.

परतीला याच्या उलट. तिकडून मंगळवारी संध्याकाळी विमानात बसलं की मुंबईत उतरेपर्यंत बुधवारची मध्यरात्र उलटून गुरुवार लागतो. बऱ्याच जणांच्या पॉलिसीत शेवटची तारीख मंगळवारचीच असते, कारण तिकिटावर तीच ठळक छापलेली असते. आम्ही मुंबईत उतरायची तारीख धरून वर दोन दिवस घेतले.

ह्यांना शुगर, मला बीपी. दोन्ही फॉर्मात लिहिलं. हप्ता वाढला, पण मनाला स्वस्थता होती. तिकडे सुनेच्या बाळंतपणामुळे मुक्काम लांबला, तेव्हा पॉलिसी संपायच्या आत मुदतवाढ मागितली. तब्येत ठीक आहे आणि क्लेम केलेला नाही असं लिहून मागितलं, दिलं आणि वाढ मिळाली. मुदत संपल्यावर मागितली असती तर मिळाली नसती. आमच्यासारख्यांनी कॅलेंडरवर खूण करून ठेवावी.

तासगाव

द्राक्षाची निर्यात आहे आमची. मी वार्षिक पॉलिसी घेतो. फेब्रुवारीत बर्लिनचं फळांचं प्रदर्शन, मग दुबई, मध्येच रॉटरडॅमला माल उतरताना जावं लागतं. दर वेळी नवीन विमा काढत बसलं तर छाटणी कोण बघणार?

लोकांना वाटतं वार्षिक म्हणजे वर्षभर कुठंही, कितीही दिवस. तसं नसतं बघा. फेऱ्या कितीही करा, पण एका फेरीला दिवसांची मर्यादा असते. कुठं ३०, कुठं ४५, कुठं ६०. प्रत्येक फेरी भारतातून सुरू होऊन भारतातच संपली पाहिजे. अमेरिका आणि कॅनडा धरून हप्ता वेगळा, वगळून वेगळा. आम्हाला युरोप-आखाताचं काम, त्यामुळं वगळूनच घेतो.

आता तारखेचं. समजा ८ फेब्रुवारीला पहिलं विमान आहे म्हणून त्याच दिवसापासून पॉलिसी घेतली. ती पुढच्या वर्षी ७ फेब्रुवारीला संपणार. प्रदर्शन तर त्याच आठवड्यात! निम्मी फेरी जुन्या पॉलिसीत, निम्मी नव्या. अशा वेळी परदेशात असतानाच काही झालं तर कोणत्या पॉलिसीकडं बोट दाखवायचं, यावर वाद होतो. म्हणून माझं वर्ष मी जानेवारीतच सुरू करतो, तोड सुरू व्हायच्या गडबडीआधी. संपायची तारीख अशी हवी की त्या दिवशी आपण घरात असू.

शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो त्या व्हिसाला विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. वार्षिक पॉलिसीही दाखवता येते, फक्त प्रमाणपत्रावर रक्कम, देश आणि प्रत्येक फेरीचे दिवस स्पष्ट छापून घ्या. अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा मागताना पहिल्या मुक्कामापुरता विमा दाखवला तरी नियमात बसतं. पुढच्या फेऱ्यांचा विमा आपण आपला बघायचा.

मूळ मिरज, सध्या लंडनजवळ

इथल्या वार्षिक पॉलिसीबद्दल लिहितो, कारण तारखेचा फटका इथं जास्त बसतो. एका फेरीची पॉलिसी घेतली तर सहल रद्द झाल्याचं संरक्षण बहुधा खरेदीपासून मिळतं. वार्षिक पॉलिसीत ते मिळतं तुम्ही निवडलेल्या सुरुवातीच्या तारखेपासून. हा फरक फार लोकांना माहीत नसतो.

माझ्या एका सहकाऱ्यानं मार्चमध्ये दिवाळीची तिकिटं काढली आणि वार्षिक पॉलिसी ऑक्टोबरपासून ठेवली. महिने फुकट कशाला घालवायचे, हा हिशेब. ऑगस्टमध्ये वडील अंथरुणाला खिळले, जाणं रद्द झालं. पॉलिसी सुरूच झालेली नव्हती, त्यामुळे सगळ्या कुटुंबाच्या तिकिटांचे पैसे गेले. त्याची अवस्था जवळून पाहिली आहे. म्हणून पोटतिडकीनं सांगतो, बुकिंग झालं की पॉलिसी त्याच दिवसापासून सुरू करा. शेवटचे दोन-चार महिने वाया गेल्यासारखे वाटले तरी हरकत नाही. नूतनीकरण करताना जुन्या आणि नव्या पॉलिसीत एका दिवसाचीही फट ठेवू नका, कारण तिकिटं जुन्या पॉलिसीत काढलेली असतात आणि प्रवास नव्या पॉलिसीत होतो.

आणखी एक. इथं एका फेरीची मर्यादा बऱ्याच ठिकाणी ३१ दिवसांची असते. आई-बाबांकडे मिरजेला दीड महिना राहायचं असेल, तर पहिले ३१ दिवस तरी धरले जातील असं समजू नका. अनेक पॉलिसींत लांबलेली अख्खी फेरीच बाहेर टाकतात. जास्त दिवसांची सोय वेगळे पैसे भरून मिळते.

मिरज

आमच्या घरात तंतुवाद्यं बनवायचं काम पिढ्यानपिढ्या चाललंय. सितार-तंबोऱ्यासाठी भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, तो वाळवून, कोरून, त्यावर दांडी चढेपर्यंत महिने जातात. असा तंबोरा घेऊन गायकांबरोबर बाहेरगावी जाणं होतं. प्रवास विम्यात सामानाचं संरक्षण बहुधा विमान कंपनीच्या ताब्यात दिलेल्या सामानापुरतं असतं, म्हणजे काउंटरवर टॅग लागल्यापासून पट्ट्यावर परत मिळेपर्यंत. त्यातही बॅग पूर्ण हरवली तर. भोपळ्याला चीर गेली तर काही मिळत नाही, आणि आमच्या पॉलिसीत वाद्यं वगळलेलीच होती. मी आधी कलम वाचून घेतलं आणि वाद्यासाठी वाहतुकीचा वेगळा विमा काढला. तो आमच्या दारातून उचलल्यापासून लागू होतो. गाडीतून मुंबईपर्यंतचे हादरे त्यात धरले जातात, ही मोठीच गोष्ट आहे.

सांगलीवाडी

२०१९च्या ऑगस्टमधला कृष्णेचा महापूर कोणी विसरलेलं नाही. आमची सिंगापूरची तिकिटं त्याच महिन्यातली. विमा जूनमध्ये, तिकिटांबरोबरच घेतलेला. आयर्विन पुलापाशी पाणी धोक्याची ४५ फुटांची पातळी ओलांडून चढतच राहिलं. आम्ही म्हातारी माणसं आणि जनावरं घेऊन आधी बाहेर पडलो. घरात पाणी शिरलं, महामार्ग बंद, सहल कसली नि काय.

पाणी ओसरल्यावर गाळ काढता काढता पॉलिसी आठवली. मोबाइलमध्ये होती म्हणून वाचली. नैसर्गिक आपत्तीत राहत्या घराचं नुकसान झालं तर सहल रद्द केल्याची भरपाई, असं आमच्या पॉलिसीत स्पष्ट होतं. पंचनाम्याची प्रत, वापरली न गेलेली तिकिटं, विमान कंपनीनं किती परत दिले त्याचं पत्र, हॉटेलचं पत्र, एवढं मागितलं. जे दुसरीकडून परत मिळालं ते वजा करून उरलेलं दिलं. वेळ लागला, पण मिळालं.

आमच्या गल्लीतल्या एकांनी पाणी वाढायला लागल्यावर विमा घेतला होता. त्यांना नकार आला. घटना सगळ्यांना माहीत झाल्यावर घेतलेली पॉलिसी त्या घटनेसाठी चालत नाही. त्यांचंही घर आमच्याइतकंच बुडालं होतं, तरी. म्हणून म्हणतो, पावसाळ्यातली तिकिटं असतील तर आपल्या गावाला विमा आधीच हवा.

कुपवाड

आमचा व्हिसा नाकारला गेला. प्रवासाची तारीख उजाडायच्या आत विमा कंपनीला कळवलं, नकाराचं पत्र जोडलं. विम्याच्या हप्त्यातले थोडे पैसे कापून बाकीचे परत मिळाले. तारीख उलटून गेली असती तर आपण गेलोच नाही हे दाखवायला पासपोर्टची सगळी पानं द्यावी लागली असती, असं सांगितलं.

विटा

परदेशाचं नाही, पण तारखेचंच आहे म्हणून लिहितो. रेल्वेचं ऑनलाइन तिकीट काढताना ४५ पैशांचा विमा विचारतात. तो तिकीट काढतानाच घ्यावा लागतो, नंतर जोडता येत नाही. मृत्यू झाल्यास १० लाख, दवाखान्यासाठी २ लाखांपर्यंत. तिकिटानंतर मेसेजमध्ये लिंक येते, तिथं वारसाचं नाव भरा. काशीला निघालेल्या आमच्या मंडळींपैकी कोणीच भरलं नव्हतं. मिरजेच्या फलाटावर बसून सगळ्यांचं भरून घेतलं.

इस्लामपूर

ताई, आई ६८ वर्षांची. उन्हाळ्यात बहिणीकडे अमेरिकेला तीन महिने आणि दिवाळीत माझ्याबरोबर आठवडाभर दुबई. दोन फेऱ्या आहेत, तर वार्षिकच घेऊ ना?

धागाकर्ती (वर विषय काढणारी ताई)

दादा, नको. तीन महिन्यांची फेरी बहुतेक वार्षिक पॉलिसींच्या मर्यादेत बसत नाही, आणि दुबईच्या एका आठवड्यासाठी अमेरिका धरून वर्षाचा हप्ता भरण्यात अर्थ नाही. दोन वेगळ्या पॉलिसी घ्या. अमेरिकेची तिकिटाबरोबरच काढा, आई भारतात असतानाच. तिकडे पोचल्यावर इथली पॉलिसी निघत नाही. औषधाच्या गोळ्यांची यादी फॉर्म भरताना समोर ठेवा आणि परतीची तारीख मुंबईत उतरायची धरा. दुबईची पॉलिसी त्या तिकिटांचे पैसे भराल तेव्हा घ्या. वयोमर्यादा आणि आधीच्या आजाराचं कलम मात्र दोन्हीकडे वाचा. अडलं तर इथंच लिहा, मी बघते.