चर्चा: जनरल विल्यम महोनला माफी द्यायची का?

रूळकरी
अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेकडून लढलेला हा जनरल मुळात रेल्वेचा माणूस. ग्रेट डिस्मल स्वॅम्पच्या दलदलीत ओंडक्यांचे थर अंथरून त्यावरून त्याने रूळ नेले! युद्धानंतर तीन कंपन्या जोडून मोठी रेल्वे उभारली, ती १८७३ च्या मंदीनंतर बुडाली. मग राजकारण. व्हर्जिनियावर युद्धाआधीचं कर्ज होतं, व्याज भागवताना शाळांचे पैसे जात होते. महोनच्या रीडजस्टर (म्हणजे कर्जाची फेरजुळणी मागणाऱ्या) पक्षाने काळ्या-गोऱ्यांची मतं एकत्र आणून १८७९ ला विधिमंडळ जिंकलं, कर्ज छाटलं, शाळांना पैसे दिले, मतदानाच्या आड येणारा पोल टॅक्स काढला. माझं मत त्याला.

शेरेबाज
वा! आणि ३० जुलै १८६४ कुठे गेला? व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गला सुरुंगाने पडलेल्या खड्ड्यापाशी झालेल्या ‘क्रेटरच्या लढाईत’ प्रतिहल्ला याच साहेबांचा. शरण आलेल्या, उत्तरेकडून लढणाऱ्या काळ्या सैनिकांना त्यात कापून काढलं. स्वतः गुलाम बाळगलेला माणूस. पुढे अमेरिकेच्या सेनेटवर गेला, १८८१ ला ते दोन पक्षांच्या बरोबरीत अडकलं तेव्हा रिपब्लिकनांकडे जाऊन बसला, बदल्यात राज्यातल्या नेमणुका खिशात आणि पहिल्याच खेपेला शेती समितीचं अध्यक्षपद. याला कळवळा म्हणायचं?

मृण्मयी
कळवळा नसेलही, पण हिशेब बघा की. त्याच्या बुडालेल्या रेल्वेत राज्याचा हिस्सा होता. तो विकून आलेल्या पैशातले एक लाख डॉलर पीटर्सबर्गला काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजला गेले. १८८२ चं ते कॉलेज आज विद्यापीठ आहे. विधेयक मात्र आल्फ्रेड हॅरिस या काळ्या आमदाराचं, श्रेय एकट्या महोनला देऊ नका.

शेरेबाज
हेच तर म्हणतोय! काळ्या मतदारांनी त्याला वापरून घेतलं म्हणा, जमेल मला. ‘जनरलसाहेब सुधारले’ हे नको.

रूळकरी
सुधारले असं मी कुठे म्हटलं? पण किंमत मोजली ना. १८८३ ला मतदानाच्या तोंडावर व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलमध्ये गोऱ्या जमावाने काळ्यांवर गोळ्या झाडल्या, त्याच भीतीवर डेमोक्रॅट जिंकले. व्हर्जिनियाच्या १९०२ च्या राज्यघटनेत पोल टॅक्स परत. जुने सहकारी त्याला गद्दार म्हणत राहिले, व्हर्जिनियाची राजधानी रिचमंडमधला भव्य पुतळा मिळाला तो दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याला.

शेरेबाज
किंमत मोजली ती डॅनव्हिलच्या काळ्या लोकांनी, राव. महोन १८८७ पर्यंत सेनेटमध्येच होता.