नर्सिंगचं पहिलं वर्ष: वॉर्डात तोंडच उघडत नाहीत, काय करावं?

ट्यूटर_सोलापूर:
बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची पोस्टिंग सुरू आहे. मुलं बीपी, टेंपरेचर नीट घेतात, पण पेशंटशी बोलणं दोन वाक्यांत संपतं. राउंडला तर मान खालीच. स्व-संकल्पना (स्वतःबद्दलची एकूण समजूत) मोजायला रोझेनबर्ग प्रश्नावली द्यावी, की थेट संवादाचा सराव घ्यावा?

मानसआरोग्य_विभाग:
रोझेनबर्ग (१९६५) स्वाभिमान मोजते, सगळी स्व-संकल्पना नव्हे. १० विधानांपैकी ५ नकारार्थी आहेत, त्यांचे गुण उलटे धरायचे. हे विसरलं की स्वतःला कमी लेखणारी मुलगी कागदावर ठणठणीत दिसते. आणि नाव लिहायला लावू नका, इंटर्नल मार्क तुमच्याच हातात असताना खरं कोण लिहील? ज्याचा त्याने कोड निवडावा, म्हणजे नंतर तुलनाही करता येते.

सर्जिकल_सिस्टर:
मोजा खुशाल, पण सराव थांबवू नका. राउंडला मान खाली जाते ती बऱ्याचदा वाक्य तयार नसतं म्हणून. चार टप्पे पाठ करून घ्या: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, काय हवंय.

"बेड ७ चं ड्रेसिंग रक्ताने भिजलंय, नाडी ११६. काल हर्नियाचं ऑपरेशन झालं, सकाळी नाडी ८४ होती. रक्तस्राव होतोय असं वाटतं. लगेच बघायला याल का?"

मुलं सुरुवात कालपासून करतात आणि मुद्द्यावर येईपर्यंत ऐकणारा पुढच्या बेडवर गेलेला असतो. (पहिल्या वर्षाने हे आधी स्टाफ सिस्टरला सांगायचं, थेट डॉक्टरांना नाही.)

शेरा मारतानाही जपा. "तू लाजाळूच" म्हटलं की ती तेच धरून बसते. "नाव विचारलंस, पण उत्तर यायच्या आत पुढचा प्रश्न टाकलास" असं सांगितलं तर उद्या सुधारता येतं.

ट्यूटर_सोलापूर:
पटलं. पण शहराच्या पूर्व भागातल्या आज्ज्या तेलुगूच बोलतात, अक्कलकोटकडच्या कानडी. तिथे मुलं जास्तच गप्प होतात.

मानसआरोग्य_विभाग:
कुठे दुखतंय, हे तेलुगूत "एक्कड नोप्पि?", कानडीत "एल्लि नोवु?" एवढं तरी पाठ हवं. मात्र उत्तर भराभर त्याच भाषेत येतं आणि मुलं गोंधळतात, म्हणून विचारतानाच बोटाने दाखवायला सांगा. "तुम्हीच लक्ष्मीबाई ना?" असं कधीच विचारू नये, भाषा न कळणारा पेशंट कशालाही मान डोलावतो. नाव त्यांच्याच तोंडून वदवून केसपेपरशी ताडायचं. सून मध्ये बोलू लागली तर तिला दुभाषी करा, पण नजर आजींकडेच ठेवा.