मदत हवी आहे: कापाब्लांकाची ‘राजा जी३’ ही खेळी सुचते कशी?

मंडळी, न्यूयॉर्क १९२४ च्या बुद्धिबळ स्पर्धेतला कापाब्लांका (तेव्हाचा जगज्जेता, पांढऱ्याकडून)–टार्टाकोवर (काळ्याकडून) डाव चार दिवस मांडतोय आणि एकाच जागी अडतोय. ३४व्या खेळीत पांढरा उंट देऊन एफ५ (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी ओळ) वरचा घोडा घेतो. उरतात एकेक हत्ती, पाच-पाच प्यादी. काळा हत्ती सी६ वरून सी३ च्या प्याद्यावर टपलेला. आणि कापा काय करतो, तर राजा जी३! सी३ जातं, तेही शह देऊन. मग एफ४, पुन्हा शह. दोन प्यादी गेली तरी याचा राजा आपला एच४, जी५, एफ६ असा फिरायला निघालेला.

मी असतो तर एच७ चा हत्ती मागे ओढून सी३ राखत बसलो असतो. गेल्या रविवारी हेच केलं: एक प्यादं जास्त, हत्ती पहिल्या ओळीत पहाऱ्याला, शेवटी बरोबरी. संगणकाच्या बुद्धिबळ-इंजिनचे आकडे नकोत. पटासमोर बसून हे ओळखायचं कशावरून? आणि ३९व्या खेळीला एफ५ चं काळं प्यादं फुकट मिळत असताना राजा ते का मारत नाही?

प्रतिसाद १
आधी सी३ राखून दाखवा बरं! कुठलीही खेळी करा, ते वाचत नाही. जाणारंच आहे, तर त्यासाठी सातव्या ओळीतला हत्ती का हलवायचा? तो काळ्या राजाला आठव्या ओळीत कोंडून बसलाय, सारा डाव त्याच्यावर उभा आहे.

एफ५ चं म्हणाल तर ते प्यादं म्हणजे पांढऱ्या राजाची छत्री. राजा एफ६ वर उभा राहिला की खालून शह बसत नाही. शिवाय लगेच हत्ती एच८ मात अशी धमकी. एफ५ मारलं असतं तर दोन्ही गेलं असतं. ते प्यादं त्याने ४२व्या खेळीला घेतलंच, काळा हत्ती मात वाचवायला ई८ वर जाऊन बसल्यावर.

धागाकर्ता
मांडून पाहिलं. सी३ खरंच वाचत नाही, एवढं साधं मी तपासलंच नव्हतं! याच धर्तीचा दुसरा डाव?

प्रतिसाद १
१९२१, हवाना, जगज्जेतेपदाच्या सामन्यातला लास्करविरुद्धचा दहावा डाव. तिथे कापा काळ्याकडून आहे आणि सगळं फार सावकाश चालतं. चहा घेऊन बसा.