कोल्हापूरला दोन दिवस, सासूबाई शाकाहारी आणि तिखट अजिबात चालत नाही - कुठे काय खायचं?

ठाण्याची_सून

नमस्कार मंडळी. जानेवारीत शनिवार-रविवार धरून कोल्हापूरला चाललोय, ठाण्याहून गाडीने. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूसासरे. मुख्य कारण अंबाबाईचं दर्शन, आईंचं म्हणजे सासूबाईंचं कधीपासूनचं राहिलंय, दरवेळी ठरायचं आणि काहीतरी निघायचं. आता प्रश्न खाण्याचा. बाबा म्हणजे सासरे पक्के मटणवाले, त्यांनी तर आत्तापासून तांबडा-पांढऱ्या रश्श्याचा जप सुरू केलाय. आई शुद्ध शाकाहारी आणि वर अॅसिडिटी, तिखट खाल्लं की रात्रभर झोप नाही. त्या मला काल म्हणाल्या की मी आपली दोन दिवस दहीभात खाईन, तुम्ही खा. मला ते अजिबात नकोय, एवढ्या लांब जाऊन त्यांनी दहीभातावर का राहायचं?

तर मिसळ कुठली, मटण कुठे, आईंना काय, मुलाला काय, आणि जातायेता हायवेवर कुठे थांबायचं ते सांगा. भपकेबाज हॉटेल नको, जागा स्वच्छ असली आणि आईंना नीट बसता आलं की झालं.

रंकाळाकाठ

या की ताई, कोल्हापूर तुमचंच हाय.

पहिलं मिसळीचं सांगतो. फडतरे मिसळ, शिवाजी उद्यमनगरात. नाव मोठं झालंय त्यामुळे रविवारी रांग असते, शनिवारी सकाळी लवकर जा. बावडा मिसळ कसबा बावड्यात, ती वेगळ्या चवीची, आमच्या घरात निम्मे फडतरेवाले आणि निम्मे बावडेवाले आणि हा वाद गेली वीस वर्षं मिटलेला नाही. खासबागची मिसळ पण चांगली, चोरगे पण. एक लक्षात ठेवा, इथं मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो, पाव मागू नका. आणि कट म्हणजे तिखट रस्सा वेगळा मागा, तो आपल्या हातानं बेतानं घालायचा, वरचा तवंग सगळा एकदम ओतायचा नाही. मुलाला नुसती मटकीची उसळ, बटाटा, शेव आणि वर चमचाभर कट, एवढ्यावर खाईल तो.

मटणाला पद्मा गेस्ट हाऊस लक्ष्मीपुरीत, जुनं ठिकाण, साधं. ओपल पण चांगलं, तिथं बसायला ऐसपैस आहे, बायकापोरं म्हाताऱ्यांना बरं पडतं. देहाती, पारख हीपण लोकांची आवडती. बाबांना मटणाचं ताट सांगा. पांढरा आधी प्या, वाटीनं, गरम गरम, मग तांबडा भाकरीबरोबर. उलटं केलं तर पांढऱ्याची चव कळत नाही.

संध्याकाळी खासबाग मैदानाजवळ राजाभाऊची भेळ आणि रात्री सोळंकीचं कॉकटेल आइस्क्रीम. मुलगा दुसऱ्या दिवशी परत मागणार हे लिहून देतो.

चटणीभाकरी

मी माहेरची कोल्हापूरची, आता पुण्यात असते. ताई तुमच्या सासूबाईंसाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण माझी आजी पण शाकाहारी होती आणि तिला तिखट सोसायचं नाही, आणि ती जन्मभर कोल्हापुरातच राहिली, छान जेवून खाऊन.

बाहेर सगळीकडे कोल्हापुरी म्हणजे तोंड भाजणारं असा समज झालाय तो हॉटेलांच्या मेनूकार्डामुळे. व्हेज कोल्हापुरी नावाची लाल भाजी आमच्या घरात कधी शिजलेली मी पाहिली नाही. आमच्याकडे जे असतं ते म्हणजे चटणी. चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला हो, नारळाची ओली चटणी नव्हे. उन्हाळ्यात मिरच्या आणायच्या, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी, उन्हात वाळवायच्या, देठं खुडायची, सुकं खोबरं तीळ धणे खसखस गरम मसाला वेगवेगळं भाजायचं, कांदा तळायचा, लसूण, मीठ आणि सगळं घेऊन डंकावर म्हणजे मसाला कांडायच्या गिरणीत जायचं कांडपाला. दिवसभर शिंका. ती बरणी वर्षभर पुरते. त्यात तिखटाइतकंच खोबरं-तीळ-कांद्याचं काम असतं, म्हणून घरच्या रश्श्याला नुसता जाळ नसतो, दाट चव असते. आणि पांढरा रस्सा तर तिखट नसतोच मुळी. मटण शिजवलेलं पाणी, त्याला आम्ही अळणी म्हणतो, त्यात नारळाचं दूध, खसखस-तीळ-काजूचं वाटण आणि आलं-लसूण. हळद नाही, लाल तिखट नाही. मुलासाठी हॉटेलात वेगळं अळणी मागा, बऱ्याच ठिकाणी देतात. आमच्याकडे लहान मुलांना पहिल्यांदा मटण चाखवतात ते अळणीभातानंच.

आता आईंचं. सकाळी दर्शनाला लवकर जाऊ दे त्यांना, नऊच्या आत, मग गर्दी वाढते. दर्शन झालं की दावणगिरी लोणी डोसा. कर्नाटकातून आलेला प्रकार आहे पण कोल्हापुरानं तो आपलासा केलाय, शहरात गाड्या आहेत बऱ्याच. जाड मऊ जाळीदार डोसा, वर लोण्याचा गोळा, बरोबर बटाट्याची पांढरी भाजी आणि खोबऱ्याची चटणी. चटणी तिखट वाटली तर नको म्हणाव्या, नुसतं लोणी आणि भाजी पुरते.

पन्हाळ्याला जाणार असाल तर, साधारण वीस किलोमीटर आहे, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं घट्ट दही मिळतं. पिठल्याला मिरची कमी घाला म्हणून आधी सांगायचं, बायका समोरच चुलीवर करतात, ऐकतात. खर्डा म्हणजे मिरचीचा ठेचा मात्र आईंच्या ताटाजवळ येऊ देऊ नका.

हायवेवाला

कामासाठी महिन्यातनं दोनदा पुणे-कोल्हापूर करतो. रस्त्याचं काम चालू असल्यानं सातारा ते कागल पट्ट्यात डायव्हर्जन लागतात, त्यामुळे जेवणाची वेळ हुकते आणि माणूस समोर दिसेल तिथं घुसतो. मी एकदा असाच भुकेला होऊन एका मोठ्या बोर्डाच्या ठिकाणी घुसलो होतो, दुपारी चारला सकाळचा रस्सा गरम करून दिला, दोन दिवस पोट धरून होतो. नाव घेत नाही. तेव्हापासून नियम केलाय, जिथं ट्रकवाले आणि एसटीवाले दोघंही थांबलेत आणि भाकऱ्या समोर थापल्या जातायत तिथंच थांबायचं.

कऱ्हाड ते इस्लामपूर पेठनाका ह्या पट्ट्यात अख्खा मसूर खा. ह्या भागाची खरी शाकाहारी डिश हीच. मसूर न भरडता आख्खाच, कांदा-टोमॅटो-चटणीत घट्ट शिजवलेला आणि बरोबर मोठी रोटी नाहीतर भाकरी. ढाब्यावर तिखट असतो पण फिक्का करून मागितला तर करतात, वर साजूक तूप घालून घ्या. तुमच्या सासूबाईंना चालेल असं वाटतं. येताना साताऱ्यात कंदी पेढे घ्या, भाजलेल्या खव्याचे असतात म्हणून रंग तपकिरी, गोड बेताचा, आणि टिकतात.

ठाण्याची_सून

बापरे केवढं छान लिहिलंत सगळ्यांनी! आईंना चटणीभाकरी ताईंची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली, डंकाचं ऐकून त्या त्यांच्या आईच्या आठवणीत गेल्या, त्यांच्याकडे नगरला उखळात कांडायचे म्हणे. आता दहीभाताचं नाव काढत नाहीयेत.

अजून एक, कोणीतरी ऑफिसमध्ये सांगितलं की तिथे रस्त्यावर म्हैस उभी करून समोर दूध काढून देतात, खरंय का? मुलाला ते बघायचंच आहे.

रंकाळाकाठ

खरंय. गंगावेशीत दूध कट्टा हाय. म्हशी घेऊन येतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात. तालमीतली पोरं व्यायाम करून तिथं यायची, अजून येतात. आमच्या घरात आजोबांपासून सगळे तिथलं पितात. मुलाला न्याच, ग्लास धरला की हाताला कोमट लागतो तोच मोठा आनंद आहे.

वाडीकर

बघायला जरूर न्या, पण सवय नसलेल्या लहान मुलाला आणि म्हाताऱ्या माणसांना कच्चं दूध पाजू नका असं मी मनापासून सांगेन. रंकाळाकाठ भाऊ, तुमच्या पोटाला तीन पिढ्यांची सवय आहे, ठाण्याहून आलेल्या पोराला नाही, आणि प्रवासात ताप जुलाब झाले तर सगळी ट्रिप वाया. लिटरभर विकत घ्या आणि उतरलाय तिथं उकळून द्यायला सांगा, नऊ वर्षांच्या पोराला त्यावरच्या सायीचंच कौतुक वाटेल.

दुसरं, रविवारी परत निघण्याआधी अर्धा दिवस काढून नृसिंहवाडीला या. कोल्हापूरपासून तास-सव्वा तास. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचं देऊळ, घाटावर बसलं की उठावंसं वाटत नाही. आणि तुमच्या सासूबाईंना इथं सगळं चालेल. बासुंदी आमची प्रसिद्ध, पेढे आहेत, आणि कवठाची बर्फी नक्की घ्या, आंबटगोड, ती चव तुम्हाला ठाण्यात मिळणार नाही. जानेवारी म्हणजे कृष्णाकाठच्या वांग्यांचा पण मोसम. पटकन शिजतात, बी कमी, नुसती तेलावर परतली तरी लोण्यासारखी होतात. बाजारात दिसली की घेऊन टाका.

आणि जानेवारीत गुऱ्हाळं चालू असतात. शिरोळ, करवीर, पन्हाळा कुठल्याही रस्त्याला धूर आणि गोड वास आला की गाडी थांबवा आणि विचारा, बहुतेक जण बघू देतात. काहिलीत म्हणजे मोठ्या पसरट कढईत रस उकळत असतो, भेंडीचं पाणी घालून मळी काढतात, गुळव्या म्हणजे गूळ करणारा नुसतं फेसाकडे बघून सांगतो आता उतरवा. त्याआधीची काकवी म्हणजे पातळ गूळ आणि वाफाळता गूळ खायला मिळाला तर मुलगा दूध, आइस्क्रीम सगळं विसरेल. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्या नावाखाली बाहेर काहीही विकतात, पिवळाधमक चकचकीत दिसला तर घेऊ नका, गडद रंगाचा घ्या.

ठाण्याची_सून

मंडळी, काल रात्री परत आलो. आधी तुम्हाला सांगतेय मग बॅगा उघडणार.

शनिवारी पहाटे निघूनसुद्धा डायव्हर्जनमध्ये दीड तास गेला, पेठनाक्याच्या अलीकडे भाकऱ्या थापणारी बाई दिसली म्हणून थांबलो. अख्खा मसूर फिक्का, वर तूप, आईंनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, घरी त्या एक खातात. बाबांनी पद्माला पांढऱ्याच्या चार वाट्या घेतल्या, पाचवीला मीच नको म्हटलं. मुलाने अळणीभात मागून मागून खाल्ला. रविवारी सकाळी बाबा, नवरा आणि मी फडतरेला गेलो, पाऊण तास उभे होतो, उभं राहिल्याचं वाईट वाटलं नाही. कट मी अर्धा घातला, नवऱ्याने सगळा ओतला आणि मग दोन लिंबं पिळून खाल्ला. तोवर आई आणि मुलगा लोणी डोशाच्या गाडीवर, बाकावर बसून, गाडीवाल्याने आईंना बिनमिरचीची भाजी वेगळी काढून दिली आणि पैसे द्यायला गेले तर म्हणाला आजी परत या.

दूध कट्टा बघितला, दूध उकळूनच दिलं. गुऱ्हाळ वाडीच्या रस्त्यावर सापडलं. तिथल्या काकांनी मुलाला उसाच्या कांड्यावर गरम गूळ गुंडाळून दिला, तो आईंनीही खाल्ला. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, देवीचं दर्शन झालं आणि हे पण झालं.

वाडीची वांगी दोन किलो आणलीत. किती दिवस टिकतील? आणि ह्याचं भरलं वांगं तिखटाशिवाय होतं का, आईंना त्यांच्याच हाताने करायचंय.

चटणीभाकरी

वाचून बरं वाटलं हो फार. वांगी दोनतीन दिवसांत संपवा, फ्रीजमध्ये ठेवली तर साल कडक होते, टोपलीत उघडीच ठेवा. भरलं वांगं बिनतिखटाचं होतं की. दाण्याचं कूट, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, धणे-जिरेपूड, चिंच आणि वाडीच्या रस्त्यावरून आणलेला तो गूळ. लाल रंगासाठी थोडीशी ब्याडगी चालत असेल तर घाला, तिला तिखटपणा फारसा नसतो. देठ काढू नका आणि झाकणावर पाणी ठेवून शिजवा, आत पाणी घालायचं नाही.

वाडीकर

आणि मोठी असतील त्यांचं भरीत. गॅसवर भाजून, वर कच्चा कांदा आणि दही. आईंना सांगा वाडीकरांनी सांगितलंय.