मदत हवी आहे: गॅरेजात उणे तापमान, बॅटरी २३ टक्क्यांवर, चार्ज करू की नको?

मंडळी, मी अमेरिकेत मिनीॲपोलिसला असतो. मूळ गाव अकोला, म्हणजे उन्हात तापलेल्या सीटवर बसताना ओरडायची सवय. उलटा त्रास नवीन आहे.

सप्टेंबरात एक वापरलेली इलेक्ट्रिक मोटारसायकल घेतली. बॅटरी १४.४ किलोवॅट-तासांची. नोव्हेंबरच्या मध्यावर बर्फ पडला, रस्त्यांवर मीठ पसरलं आणि मी गाडी मागच्या गल्लीतल्या गॅरेजात लावून टाकली. गॅरेज घरापासून सुटं आहे, हीटर नाही, भिंती म्हणजे नुसत्या फळ्या. तेव्हा ३१ टक्के चार्ज होता. उद्या करू, उद्या करू म्हणता म्हणता मध्ये भारतवारीही झाली. दोन महिन्यांनी काल किल्ली फिरवली तर २३ टक्के, आणि बॅटरीचं तापमान उणे ११ सेल्सिअस. चार्जर लावला. दिवा लुकलुकला, आकडा जागचा हलेना.

बॅटरी गेली का? विकणारा म्हणाला होता, हिवाळाभर प्लग लावूनच ठेवा. मॅन्युअल म्हणतं ६० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि प्लग काढा. ऐकायचं कुणाचं? आणि आईने दिलेली जाड गोधडी आहे, ती बॅटरीवर गुंडाळली तर काही उपयोग?

हिमकण:
गेली नाही, शहाणी आहे. तुमच्या गाडीच्या बीएमएसने (बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) चार्जिंग अडवलंय, त्याचे आभार माना. लिथियम-आयन सेल शून्याखाली असताना चार्ज केला तर लिथियम सेलच्या ऋण टोकाला असलेल्या ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्यावर धातूचा थर होऊन बसतं. तो थर सगळाच्या सगळा परत विरघळत नाही. क्षमता कायमची जाते, आणि थर वाढत गेला तर आत शॉर्ट व्हायची भीती.

लोक इथे दोन गोष्टींची गल्लत करतात. थंडीत *ठेवणं* बॅटरीला फारसं बाधत नाही, उलट उन्हाळ्यात पूर्ण भरून ठेवण्यापेक्षा बरं. मात्र किती उणेपर्यंत चालेल ते मॅन्युअलमध्ये बघा, तुमच्याकडे एखाद्या वर्षी उणे ३० ची रात्रही येते. थंडीत *भरणं* वाईट.

वऱ्हाडी_बर्फात (धागाकर्ता):
हुश्श. मग तशीच एप्रिलपर्यंत राहू दिली तर?

हिमकण:
हिशेब करा. दोन महिन्यांत ८ टक्के गेले, म्हणजे अजून तीन महिन्यांत १२. एप्रिलात ११ टक्के उरतील. चालेलही. पण सेल एकसारखे नसतात, आणि सगळ्यात अशक्त सेल आधी तळ गाठतो. शून्याला पोचलेली बॅटरी पुन्हा उठेलच असं नाही. मी ही जोखीम घेणार नाही.

गल्लीबोळ:
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

सॉकेटशोध्या:
गोधडीबद्दल: गोधडी ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवते. गार पडलेल्या गाडीवर घातली तर गारवाच जपून ठेवाल. राईडवरून आल्या आल्या घातली असती तर गोष्ट वेगळी. खरं तर चार्जिंगची उत्तम वेळ तीच. चालवून आलेली बॅटरी आतून कोमट असते, त्याच तासाला प्लग लावायचा. रात्रभर थंडीत ठेवून सकाळी नाही.

अवांतर: मी कॅनडात विनिपेगला होतो तेव्हा ऑफिसच्या पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीपुढे सॉकेट असे, पेट्रोल इंजिनं गरम ठेवायला. आपली गाडी तिथे लावायचा मोह होतो. पण काही ठिकाणी ती सॉकेटं थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद अशी फिरती असतात, आणि शून्याखालच्या बॅटरीला त्यांचा उपयोग नाहीच.

वऱ्हाडी_बर्फात:
गुरुवारी दुपारी ३ अंश दाखवतायत. तेव्हा लावू?

हिमकण:
हवा ३ अंश म्हणजे बॅटरी ३ अंश नव्हे. शंभरेक किलोचा ठोकळा आहे तो, दोन तासांच्या उन्हाने त्याला काही कळणार नाही. हवामान नका बघू, डॅशबोर्डवरचा आकडा बघा. माझ्या मते सोपा मार्ग एकच: गुरुवारच्या आधीच गॅरेजात हीटर लावा, साधा विजेचा, आत तेल भरलेला, १५०० वॅटचा. आणि तो दीड दिवस चालू द्या. दिवसाला ३६ युनिट जातील, वर्षातून एकदाच आहे, जाऊ द्या. हीटर गाडीच्या कव्हरखाली वगैरे अजिबात नको, तीन फूट लांब.

सॉकेटशोध्या:
आणि हीटर आणि चार्जर एकाच वेळी नको. जुन्या गॅरेजात बहुधा १२० व्होल्ट, १५ अँपिअरची एकच लाइन असते. हीटर साडेबारा अँपिअर खातो, चार्जर जवळपास तेवढेच. आधी गरम करा, हीटर बंद करा, मग चार्ज करा. बॅटरी लगेच गार होत नाही, जो जडपणा आत्ता नडतोय तोच तेव्हा कामी येईल.

माजघर:
१२ व्होल्टची छोटी बॅटरी विसरू नका. शिसे-आम्लाची असेल तर ती काढून घरात आणा. भरलेली असली तर कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, उतरलेली मात्र शून्याच्या थोडं खालीच गोठते आणि फुटते. आणि टायर. २० वरून उणे २० ला हवेचा दाब साधारण ७ पीएसआयने घटतो, पंक्चर समजून घाबरू नका.

वऱ्हाडी_बर्फात:
शनिवारचा अहवाल. बुधवारी रात्री हीटर लावला. गुरुवारी सकाळी बॅटरी उणे ३. दुपारी १. शुक्रवारी सकाळी ५. हे सगळं दर दोन तासांनी बर्फातून चालत जाऊन बघितलं, बायको म्हणाली बाळंतिणीलाही इतकं कुणी बघत नाही. मी एकदा अतिशहाणपणा करून हीटर बंद न करता प्लग लावला, ब्रेकर पडला. (सॉकेटशोध्या, हात जोडले.) मग हीटर बंद केला, २३ वरून ६० टक्के व्हायला साडेपाच तास लागले. प्लग काढला. १२ व्होल्टची बॅटरी आता माजघरात नाही पण तळघरात आहे.

आता एक छोटा प्रश्न. सीट उचलली तर आत उंदराने बदाम आणून ठेवलेत. वायरी अजून शाबूत दिसतायत. कुणाला यावर काही उपाय?