पाट्यांवरील 'दुध', 'मंदीर' आणि 'आर्शिवाद'

दुकानांच्या पाट्यांवरील चुका दिसल्या की 'मराठी बिघडली' असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु त्या चुका ठरावीक जागीच होतात आणि बहुतेकींमागे एखादा अर्धवट लक्षात राहिलेला नियम असतो, म्हणून त्यांची चर्चा शब्दनिहाय व्हावी असे मला वाटते.

सर्वाधिक आढळणारी चूक 'दुध' ही आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या नियमांनुसार (त्या चौदा नियमांत १९७२ साली आणखी चारांची भर पडली) मराठी अकारान्त (शेवटी 'अ' असलेल्या) शब्दाचा उपान्त्य (शेवटून दुसरा) इकार किंवा उकार दीर्घ लिहावा, म्हणून दूध, तूप, मीठ, पीठ; मात्र विभक्ती लागून सामान्यरूप झाले की तोच स्वर ऱ्हस्व होतो, म्हणून दुधाचे पदार्थ आणि पिठाची गिरणी. पाटीवर ही दोन्ही रूपे शेजारी येतात आणि नेमकी अदलाबदल होते: 'पीठाची गिरणी' आणि 'ताजे दुध'. याउलट 'मंदिर' हा तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, शब्द असून त्याचा उपान्त्य इकार मुळातच ऱ्हस्व आहे, त्यामुळे त्याला हा नियम लागू होत नाही. 'वस्त्र मंदीर' लिहिणाऱ्याने नियम मोडलेला नसून तो नको तिथे पाळलेला आहे.

'मूर्ती' या शब्दाचे उदाहरण अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या पेणसारख्या गावात हा शब्द पाटीवर असणारच. सुटा शब्द 'मूर्ती' असा दीर्घान्त लिहायचा, 'गणेशमूर्ती'ही तसाच. पण तोच शब्द समासाचे पूर्वपद झाला की संस्कृतातला ऱ्हस्व इकार कायम राहतो, म्हणून 'मूर्तिकार'. एकाच पाटीवर 'ती' आणि 'ति' अशी दोन्ही अक्षरे बरोबर असू शकतात, हे रंगाऱ्याला किंवा फ्लेक्स छापणाऱ्याला कोणी सांगितलेलेच नसते. 'मुर्ती' हे रूप मात्र कुठेही ग्राह्य नाही.

रफाराच्या बाबतीत कान हाच उत्तम मार्गदर्शक आहे. 'आ-शीर्-वाद' असे सावकाश उच्चारल्यास र हा 'शी'नंतर आणि 'वा'च्या आधी येतो, हे सहज कळते. म्हणून रफार 'वा'वर द्यायचा. 'आर्शिवाद' या रूपात रफाराची जागाही चुकते आणि 'शी'ही ऱ्हस्व होतो. मंगल कार्यालयाच्या कमानीवर हा शब्द असा लिहिलेला पाहून मला खरोखर वाईट वाटते.

तितकेच वाईट 'अमृतुल्य' पाहून वाटते. पुण्यातील चहाच्या दुकानांनी रूढ केलेल्या या शब्दाची फोड 'अमृत' अधिक 'तुल्य' अशी आहे. लागोपाठ आलेल्या दोन त-कारांपैकी एक बोलताना गिळला जातो आणि पाटीवरूनही गळतो. मग 'अमृतासमान' हा अर्थ सांगणारी फोडच जुळत नाही.

विरामचिन्हांतील एकच चूक येथे मांडतो, कारण ती फार पसरली आहे. 'वेळः सकाळी ९ ते १' किंवा 'संपर्कः' असे लिहिताना अपूर्णविरामाच्या (:) जागी विसर्ग टंकला जातो. विसर्ग हा उच्चाराचा भाग आहे, विरामचिन्ह नव्हे. तो 'दुःख' किंवा 'अंतःकरण' यांसारख्या शब्दांतच शोभतो. अपूर्णविरामापूर्वी थोडी जागा सोडून 'वेळ : सकाळी ९ ते १' असे छापले की हा घोटाळा टळतो.

राज्यात २०२२ सालच्या कायदादुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली असून तिच्यावरील मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांहून लहान असून चालत नाहीत. अक्षरे एवढी मोठी होणार असतील, तर छपाईला देण्यापूर्वी मजकूर एखाद्या जाणकाराच्या नजरेखालून घालणे अगत्याचे आहे.

इंग्रजीतून आलेल्या शब्दांबाबत मात्र जाणकारांचे मत हवे आहे. 'ब्यूटी पार्लर' आणि 'स्वीट मार्ट' ही दीर्घ रूपे उच्चाराला धरून असल्याने मला योग्य वाटतात. परंतु 'ब्युटी' आणि 'स्विट' इतके सर्रास दिसतात की त्यांना पर्यायी रूपे मानावे काय?