चाळिशीनंतरचे निर्णय आणि घरातली माणसे: सोलापूरकरांचे अनुभव

चाळिशी ओलांडलेल्या सोलापूरकरांना येथे एकच गोष्ट विचारली आहे: अलीकडे नोकरी, धंदा किंवा घर यांबाबत मोठा निर्णय घेतला किंवा टाळला असेल, तर तेव्हा घरातल्यांच्या वाट्याला काय आले, ते लिहावे. नफ्यातोट्याचे हिशेब आपल्याकडे चहाच्या टपरीवरही होतात. घरच्यांची संमती मात्र बहुधा गृहीत धरली जाते, असे माझे निरीक्षण आहे. आलेल्या अनुभवांपैकी तीन पुढे देत आहे.

यंत्रमागधारक, पूर्व भाग, वय ५१

वडिलांनी उभारलेल्या शेडमध्ये आमचे चादरीचे आठ माग चालत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाजारात तिच्या नावाने पानिपतचा स्वस्त माल खपतो आणि जुन्या मागावर विणलेली जकार्डची (नक्षीदार विणीची) चादर त्या दरात परवडत नाही. बिनधोट्याचे, म्हणजे जास्त वेगाने विणणारे रॅपियर माग घ्यायचे, तर कर्जासाठी राहते घर तारण द्यावे लागणार होते. तिशीत असतो तर मी परस्पर सही करून मोकळा झालो असतो. या वेळी कागद घरी आणले. पत्नी कांड्या भरत होती, तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "हप्ता थकला, तर वसुलीचा माणूस तुम्हाला शेडमध्ये गाठणार नाही, मला दारात गाठेल."

अखेर आम्ही घराऐवजी शेड तारण दिली आणि दोनच नवे माग घेतले. जुने माग भंगारात किलोवर गेले. त्या दिवशी वडील शेडकडे फिरकले नाहीत. नवे माग टॉवेलच्या मागणीवर चालतात. धाकट्या भावाला हे धोरण भित्रेपणाचे वाटते, आणि त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, कारण मोठी ऑर्डर आली की ती दुसऱ्याच्या शेडमध्ये देऊन आम्हाला नफ्यातला वाटा सोडावा लागतो. पत्नीने मात्र तो विषय पुन्हा काढलेला नाही.

पुण्याहून परतलेले, जुळे सोलापूर, वय ४६

अनेक वर्षे शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेसने येणे आणि सोमवारी सकाळी त्याच गाडीने परतणे, हा माझा क्रम होता. वडील गॅस बंद करायला विसरू लागले, तेव्हा तेवढ्याने भागेना. येथील नोकरीत पगार निम्म्यावर येणार होता. त्याच सुमारास पीपीएफची १५ वर्षांची मुदत संपली. खाते आणखी पाच वर्षांसाठी वाढवता आले असते. परंतु ती रक्कम काढून आम्ही गृहकर्ज फेडले, आणि हप्ता संपल्यामुळेच निम्म्या पगारात घर चालते. पत्नीला पुण्यातली नोकरी सोडावी लागली, हा खर्च कोणत्याही तक्त्यात मांडता आला नाही. जीवनाचा उद्देश वगैरे शब्द मला जड वाटतात. वडील आता माझे नाव चुकतात, पण नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार हे अचूक सांगतात, आणि त्यांच्या भरवशावर आम्ही टाकी भरतो.

विडी कामगार, रे नगर, कुंभारी, वय ४४ (मुलीने लिहून दिले)

१९ जानेवारी २०२४ रोजी रे नगरातील पहिली १५ हजार घरे कामगारांना मिळाली, त्यांत आमचेही होते. मालकांचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, म्हणणे होते की शहरातली भाड्याची खोली सोडू नये, कारण पाने-तंबाखू आणायला आणि विड्या द्यायला रोज जावे लागेल. जाण्या-येण्याचा खर्च खरोखरच वाढला. तरी मी इकडे येण्याचा हट्ट धरला. तेंदूच्या पानावर पत्र्याचे माप ठेवून कात्री चालवायला मी लहानपणीच शिकले, पण मुलीच्या हाती ती कात्री दिली नाही, आणि त्याबाबत घरात कोणालाही विचारले नाही. ती नर्सिंग शिकत आहे. तिच्या फीचे हप्ते अजून बाकी आहेत, त्यामुळे माझे विड्या वळणे चालूच राहील.